पुड्याची पाठ कुणासाठी छापतात?

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या चुलतबहिणीच्या तीन वर्षांच्या मुलाला जुलाब लागले. तालुक्याचं गाव, भर दुपार, डॉक्टर संध्याकाळी येणार. ताईने शेजारच्या पोराला मेडिकलमध्ये पिटाळलं, "ओआरएस घेऊन ये, पळ." तो संत्र्याच्या चवीचे दोन टेट्रापॅक घेऊन आला, स्ट्रॉसकट. पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत ओआरएस लिहिलेलं. मुलाने पहिला लगेच संपवला, गोडच होता तो. मग दुसरा. जुलाब थांबायच्या ऐवजी वाढले. संध्याकाळी डॉक्टरांनी रिकामा डबा हातात घेतला, आडवा केला आणि कडेच्या बारीक इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं की हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं ओआरएस नाही.

मुलगा दोन दिवसांत सावरला. ताई मात्र कितीतरी दिवस स्वतःलाच बोल लावत राहिली. ती बी.कॉम. आहे, पतसंस्थेत हिशेब बघते, आकड्यांना घाबरणारी नाही. "मी वाचायला नको होतं का रे?" हे तिने मला चार वेळा तरी विचारलं असेल. मला राग येतो तो याच प्रश्नाचा. ताईचा नाही, तिच्यावर तो प्रश्न लादणाऱ्या व्यवस्थेचा. पुढे मोठ्या अक्षरांत एक सांगायचं, कडेला तिळाएवढ्या अक्षरांत नेमकं उलट सांगायचं आणि वर ग्राहकाला म्हणायचं, जागा राहा. आजारी लेकरू मांडीवर घेतलेल्या बाईने आणखी किती जागं राहायचं?

ओआरएसमध्ये साखर असते, मीठ असतं हे बहुतेकांना माहीत आहे. ती किती असते, यावर सगळं अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्याला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. आतड्याच्या अस्तरात अशी सोय आहे की ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर घेऊन जातं आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी शरीरात शिरतं. जुलाबातही ही वाट बंद होत नाही. पण साखर प्रमाणाबाहेर गेली की उलटं होतं. आतड्यातलं द्रावण इतकं दाट होतं की शरीरातलंच पाणी आतड्याकडे ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ताईकडच्या त्या डब्यावर शंभर मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर लिहिली होती. लिटरला ११० ग्रॅम. साडेतेराच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. मूळ औषधातलेच दोन पदार्थ त्यात होते, फक्त प्रमाण बदललं होतं, आणि तेवढ्याने औषधाचं सरबत झालं.

हे प्रमाण कुणाच्या मनात आलं म्हणून ठरलेलं नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपात मीठ, ग्लुकोज आणि सोडा कालवून ते नातेवाइकांच्या हाती दिलं, पाजत राहा म्हणून सांगितलं. शंभरातली तीसच्या आसपास माणसं जात होती, ते प्रमाण तीन-चारवर आलं. डॉक्टर २०२२ मध्ये गेले आणि त्यानंतर सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. ज्या तीन अक्षरांमागे एवढी मोठी कमाई आहे, ती अक्षरं साखरेच्या पाण्यावर छापायला कायद्याने वाट करून दिली होती, हे मला अजून पचत नाही.

आणि वाट खरोखरच करून दिली होती. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ च्या एप्रिलमध्ये असा वापर थांबवायला सांगितलं. जुलैमध्ये मोकळीक दिली, अट एवढीच की 'हे ओआरएस नव्हे' अशी सूचना छापा. तीच ती बारीक ओळ. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला प्राधिकरणाने ती मोकळीक मागे घेतली. एका डॉक्टर बाईंच्या चिकाटीने हे झालं याचा आनंद आहेच. पण नावातच खोटं बोलायचं आणि तळटीपेत खरं सांगायचं, ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या टेबलावर मान्य कशी झाली, हा प्रश्न त्या आनंदात बुडू देता कामा नये.

आपल्याकडे या औषधाला फार चांगला शब्द आहे, जलसंजीवनी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तो असतो, आशाताई पुडी देताना तोच म्हणतात. पुडी फुकट मिळते, बरोबर झिंकच्या गोळ्या मिळतात, आणि पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे आशाताईंना पाठ असतं. चमच्याची भाषा आहे ही. ती ऐकून घरात कुणी चुकत नाही. मेडिकलच्या काउंटरवर मात्र जलसंजीवनी मागणारं माणूस मागासलेलं वाटायला लागलं आणि तीन इंग्रजी अक्षरं मागणारं शिकलेलं. ताईने जलसंजीवनी मागितली असती तर तिच्या हातात पुडीच पडली असती.

रोजच्या जगण्यात विज्ञान कळणं म्हणजे सूत्रं पाठ असणं नव्हे. माझ्या मते ते 'किती?' आणि 'कशाच्या मानाने?' हे दोन प्रश्न विचारता येण्यात आहे. आपल्या आज्यांना हे प्रश्न छान विचारता येत होते. चिमूटभर हिंग आणि मूठभर हिंग यातला फरक त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. तोच माणूस पाकीटबंद वस्तू हातात घेतो तेव्हा अडाणी होतो, कारण उत्तर त्याला कळणार नाही अशा जागी, अशा भाषेत आणि अशा मापात ठेवलेलं असतं. दोष वाचणाऱ्याचा नाही, छापणाऱ्याचा आहे.

आईला मधुमेह आहे म्हणून घरात नाचणीची बिस्किटं आली. पुढच्या बाजूला नाचणीचं टपोरं कणीस, मागे हिरवंगार शेत. मी पुडा उलटा केला. नियम असा आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे आणि ज्या घटकाची जाहिरात करता त्याचं शेकडा प्रमाणही द्यायचं. या पुड्यावर पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि मग नाचणी, १० टक्के. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पुड्यात नाचणी दहा ग्रॅम, तीन-चार लहान चमचे पीठ म्हणा. कंपनीने कायदा मोडलेला नाही. सगळं छापलेलं आहे. आई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली. ती रोजचं वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचते, पण 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा, हे तिला कसं कळावं?

इथेच माझं मुख्य म्हणणं येतं. आपल्या देशात वेष्टनावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली पाहिजे, असा नियम आहे. इतर भाषा छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. त्यामुळे महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पुड्यावर मराठीची एक ओळ नसली तरी चालतं. २०२२ मध्ये आपण कायदा बदलून प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, इतर लिपीपेक्षा लहान नाही अशा अक्षरांत लावायला लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथेही २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या लावा असंच सांगितलं गेलं. मला त्या निर्णयाचा आनंद झाला होता. पण पाटी वाचून माणूस दुकानात शिरतो आणि आत ज्या वस्तूवर पैसे टाकतो, जी पोटात घालतो, ती त्याच्याशी परक्या भाषेत बोलते. अस्मिता दारावर टांगून आपण थांबलो. भाषेची खरी गरज आतल्या फडताळावर आहे.

कंपन्यांना मराठी येत नाही असं तर मुळीच नाही. टीव्हीवर 'आईचं प्रेम', 'गावाकडची चव', 'वाढत्या वयाची ताकद' हे सगळं अस्सल मराठीत येतं. त्यासाठी चांगले लेखक लावतात, चांगले पैसे देतात. एसटीच्या मागच्या काचेवर, कीर्तनाच्या मांडवात, जत्रेच्या कमानीवर मराठी चालते. वस्तू विकायची तेव्हा मराठी आणि वस्तूत काय आहे ते सांगायचं तेव्हा इंग्रजी, ही वाटणी कुणाच्या सोयीची आहे हे उघड आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की देशात बावीस अनुसूचित भाषा आहेत, पुड्यावर किती छापणार? युरोपात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. तिथे एका चॉकलेटच्या कागदावर चार-पाच भाषा असतात, कारण तिथल्या देशांनी आपल्या लोकांना समजेल अशी भाषा मागून घेतली. राज्यवार माल पाठवताना किमतीचे, योजनांचे, सणाच्या सवलतींचे वेगवेगळे पुडे कंपन्या काढतातच. जागा नाही म्हणावं तर पुढची सगळी बाजू शेत, कणीस आणि हसऱ्या मुलाने अडवलेली असते.

क्यूआर कोड छापला म्हणून माहिती दिली, असंही हल्ली म्हणतात. किराणा दुकानात मागे रांग असताना, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवंडाचं बोट धरून कुणी कोड स्कॅन करून पीडीएफ वाचावी, असं ज्याला वाटतं त्याने किराणा स्वतः आणलेला नाही.

'लोक वाचतच नाहीत हो' हा दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. लोक वाचतात. पुड्यावरचा हिरवा ठिपका बघा. २००१ साली हिरवा आणि तपकिरी अशी खूण सक्तीची झाली आणि आज अक्षरओळख नसलेली म्हातारीही पुडा फिरवून आधी ठिपका शोधते. ज्यांना हिरवा-तपकिरी फरक दिसत नाही त्यांच्यासाठी मांसाहाराची खूण पुढे त्रिकोणी केली, इतका बारीक विचार झाला. फ्रीज आणि एसीवरच्या ताऱ्यांचंही तसंच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये ते सुरू केले, आणि आज खेड्यातलं गिऱ्हाईकही 'पाच स्टारचा दाखवा' म्हणतं, वर्षाला किती युनिट जळणार ते लेबलवर बघतं. जे कळतं, मोठं असतं आणि समोर असतं, ते लोक वाचतात. कुणी काय खावं याच्या बाबतीत एवढी स्वच्छ खूण करता येते, तर साखर आणि मिठाच्या बाबतीत का नाही?

चिली देशाने ते करून दाखवलं. २०१६ पासून तिथे साखर, मीठ, संपृक्त मेद (तूप, पामतेलात असते ती घट्ट चरबी) किंवा उष्मांक (कॅलरी) ठरलेल्या मर्यादेपलीकडे असले की पुड्याच्या समोर काळा अष्टकोनी शिक्का येतो. रस्त्यावरच्या 'थांबा' पाटीसारखा. कायदा आल्यानंतरच्या दीड वर्षात अशा शिक्क्याच्या गोड पेयांची खरेदी जवळजवळ चोवीस टक्क्यांनी उतरली. हे एकट्या शिक्क्याचं श्रेय म्हणून सांगणं मात्र बरोबर होणार नाही, कारण त्याच कायद्याने मुलांना उद्देशून जाहिराती आणि शाळांमधली विक्रीही थांबवली होती. पण वाट कोणत्या दिशेने जाते ते यातून दिसतं. आपल्याकडे पुढच्या बाजूच्या लेबलचा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मसुदा आला तो ताऱ्यांचा. म्हणजे तळलेल्या, खारट पदार्थालाही अर्धा का होईना, तारा मिळणार. एसीवर तारा ठीक आहे, तिथे सगळेच एसी वीज खातात आणि कमी कोण खातं एवढंच बघायचं असतं. पण तारा ही शाबासकी आहे, आपण शाळेपासून तिला तसंच ओळखतो. साखरेच्या पाण्याला दीड तारा मिळाला तर आई म्हणेल, चला, काहीतरी चांगलं आहे यात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या बाजूच्या लेबलचा विषय तीन महिन्यांत मार्गी लावायला सांगितलं होतं. माझं मत स्पष्ट आहे. तारा नको, इशारा हवा, आणि महाराष्ट्रात तो मराठीत हवा.

मराठी म्हणजे कोणती, हेही आताच सांगून ठेवतो, कारण सरकारी मराठीची मला धास्ती आहे. 'संपृक्त मेदाम्ले' आणि 'एकूण कर्बोदके' छापून हात झटकले तर आईला इंग्रजीइतकंच कळेल. साखर चमच्यात सांगा, एक चहाचा चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम. मीठ मिठातच सांगा, सोडियममध्ये नाही. दोन हजार मिलिग्रॅम सोडियम ही दिवसाची मर्यादा, असं म्हटलं तर कुणाला काही बोध होत नाही. तेच पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा मीठ म्हटलं की घरातली बाई क्षणात हिशेब मांडते. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेली ग्राहक पंचायत यांना पन्नास वर्षं झाली, मराठी विज्ञान परिषदेला त्याहून जास्त. असे सोपे, नेमके शब्द घडवायला याहून चांगली माणसं कुठे मिळणार?

माहिती कळत नाही तेव्हा माणूस नुसता फसत नाही, तो घाबरतोही, आणि भीतीचा धंदा करणारे टपलेलेच असतात. घरच्या ग्रुपवर दर आठवड्याला एक यादी येते, 'हे आकडे दिसले तर पुडा फेकून द्या'. हे आकडे म्हणजे अन्नात घालायच्या पदार्थांना ठरवून दिलेले क्रमांक. त्यात ३३० असतो. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल. ५०० च्या गटात आपला खाण्याचा सोडा येतो. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. २०२३ मध्ये ॲस्पार्टेम या साखरेच्या पर्यायाला कर्करोगाच्या 'शक्य' कारणांच्या गटात टाकल्याची बातमी आली, तेव्हा आमच्याकडे दोन मधुमेही काकांनी घाबरून पुन्हा साखरेचा चहा सुरू केला. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम अशीच कायम ठेवली होती. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन शीतपेय प्यावं लागेल. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. धोका असू शकतो का, हा एक प्रश्न. मी घेतो तेवढ्याने किती, हा दुसरा. बातमीत पहिला आला, दुसरा आलाच नाही, आणि काकांची साखर वाढली.

गुळाचंही असंच आहे, आणि इथे मी कोल्हापूरकरांचा राग ओढवून घेणार. गुळाची चव साखरेला येत नाही हे मान्य. पण मधुमेह्याच्या रक्ताला गूळ म्हणजे साखरच. त्यातलं लोह खरं आहे, चहातल्या चमचाभर गुळातून मिळणारं लोह मात्र अगदीच नखाएवढं. 'नैसर्गिक' हा शब्द पुड्यावर दिसला की 'किती' विचारायचं आपण विसरतो.

नियामकच डळमळीत असतील तर लोकांनी भरवसा कुणावर ठेवायचा? २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने दुधातुपावरचे 'ए वन, ए टू' असे, दुधातल्या प्रथिनाच्या प्रकारावरून केलेले दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं की 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकार कायद्यात नाहीच, त्या नावाखालून ही पेयं काढा. एक पिढी ती पेयं पिऊन मोठी झाली होती. आयांनी घरखर्चातून पैसे वाचवून ते डबे आणले होते. ते पैसे दूध, अंडी, शेंगदाण्यावर गेले असते.

राज्य सरकारने केंद्राकडे मराठीची मागणी लावून धरावीच. पण ती मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. अंगणवाड्या, आश्रमशाळा, सरकारी वसतिगृहं, रुग्णालयांची उपाहारगृहं, यांच्यासाठी जो पाकीटबंद माल सरकार विकत घेतं, त्याच्या निविदेत एक अट घालता येते की घटक, साखर आणि मीठ मराठीत, ठळक अक्षरांत, पुढच्या बाजूला. एवढा मोठा गिऱ्हाईक मागतोय म्हटल्यावर कंपन्या छापतील. बचत गटांच्या पापड-लोणच्यांच्या पिशव्यांवर आजही मराठीच असते, त्या बायकांना कुणी सक्ती केली नव्हती.

घरी आम्ही एक केलं आहे. फ्रीजच्या दारावर आईच्या अक्षरात कागद चिकटवला आहे, 'सोडियमचा आकडा भागिले ४०० म्हणजे मीठ ग्रॅममध्ये. साखरेचा आकडा भागिले ५ म्हणजे चमचे.' त्याखाली मी दहा-बारा इंग्रजी शब्दांचं मराठी लिहून दिलं आहे, मैद्यापासून पामतेलापर्यंत. परवा फरसाणाचा पुडा आला तेव्हा आईने भिंग काढलं. शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम. तिने कागदावर भागाकार केला, दोन ग्रॅम. मग वाटीत फरसाण काढून वजनकाट्यावर ठेवलं, पन्नास ग्रॅम भरलं. "म्हणजे एक ग्रॅम मीठ," ती म्हणाली. "दिवसाचा पाचवा हिस्सा या वाटीतच." तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिने अर्धं फरसाण परत पुड्यात ओतलं आणि उरलेलं माझ्याबरोबर खाल्लं. हा सगळा हिशेब करायला तिला भिंग, वजनकाटा, कागद-पेन्सिल आणि इंग्रजी वाचणारा मुलगा लागला.